बाशिंगाला बांधलेली चिंधी

जबलपुरात नेपियर टाउनला विष्णुपंत वकिलांची बाग वीस वर्षं पुंडलिक माळ्याच्या हाताखाली होती. अमरावतीकडून आलेला हा माणूस गुलाबांना खत घाली, कुंड्या रंगवी. पण जीव सगळा बाशिंगांत. बाशिंग म्हणजे झाडाच्या खोडाला धरून वाढणारं नेचं. मातीत त्याचं मूळ नसतं, झाडाचा रसही ते पीत नाही, फक्त बसायला जागा मागतं. खोडाला चिकटलेली त्याची तपकिरी पानं मेल्यासारखी दिसतात, पण त्यांत साठलेल्या पालापाचोळ्यावरच हिरवी पानं पोसतात. ती वाळकी पानं उपटायला कुणी हात घातला की पुंडलिक अंगावर धावून जाई, मग तो खुद्द वकील का असेना.

कुंडमच्या जंगलातून कंद आणायचे आणि आंब्याच्या खोडाला जुन्या सुती चिंधीनं बांधायचे, ही त्याची रीत. सुतळी कंदाला कापते. चिंधी सहा-आठ महिन्यांत कुजून गळते, तोवर मुळांनी खोड धरलेलं असतं. चिंध्या बंगल्यातल्याच माणसांच्या जुन्या कपड्यांच्या. घोळ झाला तो इथं.

वकिलांच्या आई राधाबाई. त्यांच्या लुगड्याच्या चिंधीचं बाशिंग भर श्रावणात पिवळं पडलं, बाकीची सगळी तरारलेली. चौथ्या दिवशी म्हातारी गेली. पुढच्या वर्षी टांगेवाल्या नथ्थूच्या पागोट्याची चिंधी बांधलेलं बाशिंग खोडावरून सुटलं, आणि आठवड्याच्या आत नथ्थू तापानं गेला. विष्णुपंत हसले. म्हणाले, "पुंडलिक, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ!" पुंडलिकानं मान डोलावली. पण त्यानंतर वारा नसताना ती वाळकी पानं खुळखुळली की त्याच्या अंगावर काटा येई.

शहाण्यानं इथंच थांबावं. पण लेकीची माया शहाणपणाला कुठं जुमानते? एकुलती एक अंजनी सिहोऱ्याला दिलेली, आणि सासरचे लोक पत्र धाडण्यात महाआळशी. बाशिंगाला माणसाचं कळतं, तर लेकीची खुशाली तरी रोज समजेल, असं पुंडलिकाच्या मनानं घेतलं. आषाढात त्यानं बायकोकडे, सत्यवतीकडे, अंजनीच्या कपड्याची चिंधी मागितली. ती आधी नको नको म्हणाली. दुसऱ्या दिवशी मात्र एक पांढरी, मऊ चिंधी आणून दिली. "लहानपणच्या झबल्याची आहे," म्हणाली.

बाशिंग काय फोफावलं! रोज सकाळी खोडापाशी जाऊन तो विचारी, "कशी आहेस, बाई?" आणि एखादं पान हले.

चैत्रात हिरवी पानं गळली, नुसत्या शिरा उभ्या राहिल्या. दर उन्हाळ्यात बाशिंग असंच झोपतं. झोपलेल्याला पाणी पाजू नये, कंद सडतो, हे पुंडलिकच सगळ्यांना बजावीत आलेला. पण वैशाखात अंजनीचं दुसरं बाळंतपण होतं. बाकीची बाशिंगंही तशीच उघडी पडली होती, पण त्याला दिसत होतं ते एकच. तो सकाळ-संध्याकाळ घागरीनं पाणी ओतू लागला.

"काहून एवढं पाणी घालून राहिले जी?" सत्यवती म्हणाली. "तुम्हीच म्हणता ना, सडते म्हणून?"

"तू चूप बस. पोरगी सुकून राहिली माझी."

तिनं घागर लपवली, तर त्यानं बंगल्यातली बादली आणली.

आठव्या दिवशी कुजकट वास आला. त्यानं हात लावला आणि अख्खं बाशिंग खाली आलं. कंद काळा, लिबलिबीत. चिंधी मात्र दहा महिन्यांनंतरही नवीकोरी. मुळं तिच्या धाग्याधाग्यांत शिवल्यासारखी शिरलेली. ओढून पाहिली, सुटेना. ते सगळं उपरण्यात गुंडाळून तो घरी येऊन बसला. अन्नाला शिवला नाही. सिहोऱ्याच्या रस्त्याकडे बघण्याचीही त्याची हिंमत होईना.

तिसऱ्या दिवशी दुपारी अंजनीचा दीर दारात उभा, हातात पेढे. मुलगा झाला होता. आई आणि बाळ, दोघंही ठणठणीत.

पुंडलिक रडला, हसला, पाहुण्याला पोटाशी धरून त्यानं बेजार केलं. पाहुणा बंगल्यावर पेढे द्यायला गेल्यावर बायकोला म्हणाला, "वकीलसाहेब बरोबर होते. सगळे माझ्या डोक्यातले खेळ!"

सत्यवती चुलीपुढे पाठ करून बसली होती. पेढा तसाच पुढ्यात.

"तू काहून नाही खात?"

"ती चिंधी अंजनीची नव्हती," ती म्हणाली. "राधाबाईंचं पाहिलं होतं. नथ्थूभैयाचं पाहिलं होतं. पोरीची कशी देऊ मी? तुमच्या धोतराची फाडून दिली."

पुंडलिकानं उपरण्याची गाठ सोडून ती चिंधी एकदा पाहिली. मग म्हणाला, "बरं केलंस."

त्यानं पाट ओढला आणि भाकरी मागितली. तीन दिवसांचा उपाशी माणूस, पोटभर जेवला. सत्यवती वाढत राहिली. त्याच्या तोंडाकडे मात्र तिला बघवेना.