दोनदा मोजलेले हंस

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे असतील तर माझ्या थोरल्या बहिणीचे. आम्ही तिला बाई म्हणतो. आरमोरीकडे दुसऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धान रोवून तिने मला पदवीपर्यंत शिकवलं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. रोवणीत तिची ओळ वाकडी गेली, तर बाकीच्या बाया शिदोरी सोडून बसल्या तरी ती रोपं उपटून पुन्हा लावायची.

मी आता हिवाळ्यातल्या पाणपक्ष्यांच्या मोजणीवर कंत्राटी काम करतो. मोहर्लीजवळच्या जलाशयावर तो माझा सलग चौथा दिवस होता. लहानशी बोट, वल्ह्यावर मासेमारी करणारे एक म्हातारे ढिवर भाऊ आणि दुर्बीण घेऊन मी. साहेबांनी आधीच बजावलं होतं, यंदा हंस कमी भरले तर पुढच्या वर्षी या पाण्यावर माणूस ठेवणार नाही.

सकाळी पूर्वेच्या काठावर डोक्यावर काळे पट्टे असलेले राजहंस बसले होते. बासष्ट. मग पाणकावळे, टिटव्या, एक पाणमांजर. उन्हं चढली तसे डोळे जड झाले. पश्चिमेच्या काठाला लागलो तेव्हा पुन्हा हंस दिसले. मोजले, लिहिले, बेरीज केली. आकडा गेल्या वर्षीपेक्षा बराच वर गेला होता.

"हे तेच व्हय जी," भाऊ म्हणाले.

"कशावरून?"

"तो एक पंख लोंबलेला पाहा. सकाळी तिकडं होता. तुमी घोरून राह्यले होते, तवा सारे डोक्यावरून गेले."

"मग मले उठवलं काऊन नाई?"

"मोजणारे तुमी. मी तं होडी हाकतो." ते हसले. "राहू द्या ना. हंस का कचेरीत येऊन सांगनार हाये?"

मी वही मिटली. थोड्या वेळाने पुन्हा उघडली. "भाऊ, परत पूर्वेकडं घ्या. सकाळचे तिथं हायेत का पाहू."

"आता? हात पाहा माहे."

तरी त्यांनी बोट वळवली. मध्ये काही वेळ वल्हं मी घेतलं. तासाभराने पोहोचलो, तर काठ रिकामा होता. ओल्या चिखलात पावलांचे ठसे आणि चार पिसं. मी दुसरी नोंद खोडली. भाऊंनी डब्यातली अर्धी भाकर मला दिली.

खोलीवर आल्यावर बूट न काढताच बाईला पत्र लिहिलं. फोनवर बोललो की माझ्या आवाजावरून तिला सगळं लगेच कळतं.

"बाई, सप्रेम जय भीम.

आज बोटीवर मला झोप लागली आणि तेच हंस मी दोनदा मोजले. नंतर खोडले. साहेबांकडे जाणाऱ्या त्या वहीत खरं कारणही लिहिलं. पुढच्या हिवाळ्यात हे काम राहील असं वाटत नाही. माझ्या नोकरीचं तू गावभर सांगितलं आहेस, म्हणून आधी तुला कळवतो. रोवणीपर्यंत दुसरं काही मिळालं नाही तर तुझ्यासोबत बांधीत उतरीन. माझी ओळ तुझ्यासारखी सरळ येत नाही, तेवढं सांभाळून घे.

फार थकलो आहे. घरी आलो की दोन दिवस मला उठवू नको.

एक पाणमांजर दिसलं, तोंडात मासा होता. ते एकदाच मोजलं."