पाय लागला

सुरतेजवळच्या भेस्तानच्या मैदानावर दर रविवारी आम्ही साठीपुढचे लोक लॅक्रॉस खेळतो. जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा, फेकायचा आणि कुणालाही धक्का लावायचा नाही. पहिल्या रविवारी उद्घाटनाची भाषणं मात्र खेळापेक्षा लांबली होती.

त्या दिवशी समोरच्या संघात एक खानदेशी गृहस्थ नवे होते. आयुष्य कापडाच्या लूमवर गेलेलं. बाह्या सरसावत त्यांनी मलाच, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला, सांगून टाकलं, "आज एक गोल करनारच. बायको पाहाले आलीय."

बरोबरी होती आणि शेवटचं मिनिट. चेंडू त्यांच्या काठीच्या जाळीत, समोर गोल मोकळा. ते असे सुसाट निघाले की मीच ओरडलो, "मारा!" तेवढ्यात त्यांचा पाय माझ्या पायाला लागला. ते थांबले, वाकले, माझ्या पायाला हात लावून तो कपाळाला नेला. चेंडू जाळीतून घरंगळला. पंच शिट्टी तोंडात धरून पाहतच राहिले.

"अहो, गोल करा! पाया काय पडता?" मैदानाच्या कडेने त्यांची बायको ओरडली.

"पाय लागला ना भाऊंना," ते म्हणाले. "गोल काय, पुढच्या रविवारी बी होईल."

तोवर आमच्या माणसाने चेंडू उचलून पलीकडे गोल केला. आम्ही जिंकलो. आमचे लोक नाचत होते आणि मी अजून त्यांच्यापुढे हात जोडून उभा होतो.