लिमिटरनंतर वाढवलेला आवाज

काकूचा आवाज मी बिघडवला. आणि नंतर तिचा गळाच गेला, असं तिला वाटू दिलं. पहिली चूक अज्ञानातून झाली. दुसरीला तसं कारण नाही.

नव्वदीच्या अखेरीस बीडमध्ये माझी कॅसेट भरून देण्याची खोली होती. कॉम्प्युटर नवाच घेतलेला. माझी सख्खी काकू गावातल्या शिवभजनात पुढे म्हणायची. कपिलधारच्या यात्रेसाठी तिची कॅसेट काढायचं ठरलं. ती एखादा चरण अगदी हळू, कानात सांगावा तसा म्हणायची आणि मग एकदम वर चढायची. त्या चढावर ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा.

रेकॉर्डिंग चांगलं झालं. बिघडलं ते पुढे, सॉफ्टवेअरमध्ये. आधी आवाज स्वच्छ करायचा, मग कॉम्प्रेसरने चढउतार थोडा आवरायचा, एको, म्हणजे आवाजाचं घुमणं, नावापुरता, आणि सगळ्यात शेवटी लिमिटर, म्हणजे आवाज त्यापुढे जाऊ नये म्हणून घातलेला बांध. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आमच्याकडे मांडवातला भोंगा घुमला नाही तर लोकांना गाणं वाटतच नाही. म्हणून मी एको सगळ्यात आधी टाकला, तोही भरपूर. मागून आलेल्या कॉम्प्रेसरने काकूच्या हळू चरणासोबत ते घुमणंही वर ओढलं. शब्द एकमेकांत कालवले गेले.

कॅसेट विकणाऱ्या दुकानदाराला वेगळीच तक्रार होती.

"लई बारीक हाय बे आवाज. शेजारच्या दुकानातली वाजली की हिला कोण ऐकतंय?"

मी लिमिटरच्या नंतर गेन, म्हणजे आवाजाची पातळी, वाढवला. बांध घातला आणि त्याच्यावरूनच पाणी सोडलं. मीटर लाल झालं ते लालच राहिलं.

"आता कसं!" दुकानदार खूश झाला.

मी ते मूळ रेकॉर्डिंगच्याच नावाने सेव्ह केलं. मूळ पुसलं गेलं.

यात्रेत कॅसेट भोंग्यावर लागली आणि नेमका चढाच्या जागी आवाज फाटला. भजनातली एक बाई म्हणाली, "काय वं, पत्र्याच्या डब्यात बसून गायल्या का?" सगळ्या हसल्या, काकूही हसली. मग हळूच मला विचारलं, "माझा गळा असा कावून झाला रे?"

आवाज मशीनवर फाटलाय एवढं मला कळत होतं, खरं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "वय झालं, काकू."

त्यानंतर ती पुढे म्हणायला बसली नाही. मागे बसून टाळ धरायची. मी मात्र काम करत करत शिकलो, गिऱ्हाईकं वाढली. आपण नेमकं काय चुकवलं ते कळल्यावरही मी वर्षानुवर्षं गप्प राहिलो.

परवा घरी भजन होतं. काकूच्या सुना तिच्या मागे लागल्या, "आत्या, एक तरी म्हणा की." तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "माझा गळा गेलाय माय. ह्याला इचारा, ह्याला त्यातलं कळतं. त्यानंच सांगितलं."

मी उठून तिच्यापुढे बसलो. सगळ्यांसमोर बोललो.

"काकू, तुझ्या गळ्याला काहीच झालं नव्हतं. आवाज मी मशीनवर फाडला. अन् माझी चूक झाकायला तुझ्या वयाचं नाव घेतलं. तुझं गाणं मी बंद पाडलं. मला माफ कर."