छापील चौकड्या

आमच्या दुकानातले किस्से मी रोज एकेक गिळत आले. आता गळ्याशी आलेत!

सुरुवात माझ्या अंगठ्यापासून. जळगावात आमचं ट्रेकिंगच्या सामानाचं दुकान, मी ऑनलाइन ऑर्डरी बघते. ‘रिपस्टॉप नायलॉन’ असं लेबल असलेल्या तंबूला ओला अंगठा लागला, अन् चौकडीच्या रेघा अंगठ्यावर! मी दचकून हातच झटकला. रिपस्टॉपमध्ये जाड धाग्याच्या चौकड्या विणलेल्या असतात; कापड फाटलं तरी चीर तिथेच अडते. इथे साध्या पातळ नायलॉनवर चौकड्या छापलेल्या!

मालक, म्हणजे नाना, म्हणाले, “नवा माल आहे, रंग सोडणारच!”

*

धुळ्याच्या एका आबांनी बॅग उचलली. “बॅलिस्टिक नायलॉन? गोळी थांबस का?”

“थांबते ना!” नाना म्हणाले.

“नाही हो!” मी किंचाळलेच. “नुसतं जाड, दणकट कापड आहे ते!”

आबा गेले. नाना माझ्यावरच डाफरले, “तुला कोण गोळ्या घालायला आलं होतं?”

*

रेनकोटच्या कापडाला पाणी अडवणारा थर असतो, तो आतल्या बाजूला ठेवायचा. नानांनी बठ्ठे, म्हणजे सगळेच कोट उलटे शिवून घेतले. का? तर थर चमकतो!

“अहो, घासून निघून जाईल तो!”

“गिऱ्हाईक काय आत शिरून बघतं?”

*

एकदाच अस्सल माल आला. सिलिकॉन लावलेलं रिपस्टॉप, हलकं, चिवट. सिलिकॉनवर साधी टेप चिकटतच नाही. नानांनी शिवणीवर टेप दाबली, ती सुटली. पुन्हा दाबली, पुन्हा सुटली.

“डुप्लिकेट!” म्हणत त्यांनी अख्खा गठ्ठा परत पाठवला. दुकानातली एकमेव खरी वस्तू! मी पाणी प्यायले, दुसरं काय करणार?

*

मी सुटीवर असताना माझा भाऊ निखिल दुकानातून तंबू घेऊन मित्रांसोबत तोरणमाळला गेला. मी कामावर परतले, तर नाना कौतुकाने सांगत होते, “घरचा पोरगा! त्याला भारीतला दिला, चौकडीवाला!”

तिकडे वादळी पाऊस चाललेला, अन् हा त्या छापील कापडाखाली! फोन लावला, लागेना. परत लावला, नुसती रिंग. नाना म्हणे, “कशाला घाबरतेस? रिपस्टॉप आहे!” माझ्या डोळ्यांत पाणी अन् तोंडात शिव्या.

शेवटी फोन उचलला गेला.

“निखिल! तंबू?”

“फाटी गया, ताई. आम्ही बठ्ठा शाळाना व्हरांड्यात शेतस.” शाळेच्या व्हरांड्यात आहेत, म्हणजे सुखरूप! मागे पोरं खिदळत होती. “पन चौकड्या वाची गयात. आमना तोंडवर शेतस!”