क्लासिकोच्या दिवशी विहिरीची पाळी

ये गो मेधा, अशी जवळ बस. तू समोर नाहीस, ठाण्यात आहेस, हे ठाऊक आहे मला. पण समोर कुणीतरी बसवल्याशिवाय मला लिहिता येत नाही. तर आधी तुला रागावून घेते. परवा माझ्याशी बोलता बोलता दुसऱ्या फोनवर तू तुमच्याकडच्या नेटवाल्याला जे झाडलंस, ते मी सगळं ऐकलं. "जमत नसेल तर धंदे कशाला करता?" म्हणालीस. अगं, तो माणूस त्या वेळी कुठल्यातरी विजेच्या डांबाखाली मान वर करून उभा असणार. आणि तुझी मावशी बावीस वर्षं हाच धंदा करते, हे विसरलीस का?

तर मागच्या मे महिन्यातला एक रविवार सांगते.

संध्याकाळचे सात. नेहाच्या होमस्टेचं अंगण. दोन माडांच्या मध्ये पांढरी चादर ताणलेली, समोर प्रोजेक्टर. मुंबईहून आलेले बारा पाहुणे. त्यात दोघे साडू, एकाच्या अंगात पांढरा टी-शर्ट, दुसऱ्याच्या अंगात निळ्या-लाल पट्ट्यांचा. स्पेनमधले दोन मोठे क्लब आहेत म्हणे, त्यांचं आपसातलं वैर आपल्याकडच्या भावकीसारखं. त्यांच्या मॅचला क्लासिको म्हणतात. पावणेआठला सुरू होणार होती.

आणि एका कोपऱ्यात खुर्ची टाकून आमच्या कंपनीचे देसाई साहेब बसले होते. त्यांना फुटबॉलशी काही घेणं नव्हतं. ते मला बघायला आले होते.

त्याआधीचे तीन रविवार नेहाकडची लाइन बरोबर संध्याकाळी पडली होती. पडायची, वीसेक मिनिटांनी आपली आपणच यायची, पुन्हा पडायची. नेहाने तीन वेळा कंपनीला लेखी कंप्लेंट केली. तिची चूक नाही. नवीन होमस्टे, पाहुणे तोंडावर बोलून जातात. साहेब मला गेटपाशीच म्हणाले, "काकी, आज चौथी कंप्लेंट आली तर एरिया माझ्या हातात राहणार नाही. अलिबागची पार्टी तयारच आहे."

एरिया म्हणजे काय, ते सांगते. कंपनी नेट देते, पण गावात वायर ओढायची, दुरुस्त करायची, लोकांची बोलणी खायची, ती आमच्यासारख्याने. त्यासाठी गावं वाटून दिलेली असतात. चौलमधल्या आमच्या आळ्या आणि किनाऱ्याकडची होमस्टेची रांग, हा माझा एरिया. तो गेला की मी गेले, आणि माझ्याबरोबर दिगंबरही. दिगंबर माझा लाइनमन. वय त्रेपन्न, गुडघे गेलेले, तरी माडावर माझ्या आधी चढतो. म्हणजे मी चढतच नाही, पण बोलायची पद्धत.

पूर्वी मी केबल चालवायची. सगळे चॅनेल माझ्या खोलीत यायचे, तिथून वायरने घरोघर. अजून मला केबलवाली काकीच म्हणतात. आता पाहुणे येतात आणि ऐटीत सांगतात, "काकी, केबल नको आम्हाला. ॲप आहे." बरं बाई, असू दे ॲप. पण ॲप काय समुद्रावरून वाऱ्याने येतं? मोबाइलची रेंज किनाऱ्याला म्हणजे देवाची कृपा, आली तर आली. शेवटी माझीच वायर लागते. आता ती तांब्याची नाही, काचेची आहे. केसाएवढा काचेचा धागा, त्यातून उजेड पळतो. त्यालाच फायबर म्हणतात.

हा धागा आमच्याकडे डांबांवरून कमी आणि वाड्यांमधून जास्त जातो. या माडावरून त्या पोफळीवर. ज्याच्या वाडीतून वायर गेली, त्याला कनेक्शन फुकट, असा आमचा रिवाज. मध्ये मध्ये बॉक्स लावावा लागतो, तिथून लाइन फुटते. त्या बॉक्सला करंट लागतो. तो कुणाच्या तरी पंपघरातून घ्यायचा. नेहाकडे जाणारा बॉक्स वसंतनानांच्या पंपघरात होता. नाना म्हणजे नात्याने माझे चुलतदीर, वय पंचाहत्तर, वाडी अजून स्वतः शिंपतात.

तीन रविवार मी आणि दिगंबरने काय नाही केलं? जोड बदलले, नेहाकडचं राउटर बदललं, नानांकडचा बॉक्ससुद्धा नवा टाकला. वानरांवरही आळ घेतला. वानरं वायरीवर झोके घेतात, हे खोटं नाही. पण वानर काय दर रविवारी घड्याळ बघून येतं?

मॅच सुरू झाली. चादरीवर हिरवंगार मैदान. साडूंनी एकमेकांना टोमणे मारायला सुरुवात केली. मी मनात गणपतीचं नाव घेत होते. पाचच मिनिटं झाली असतील, आणि चादरीवर ते गोल चक्र फिरायला लागलं. नेट पुरेनासं झालं की फिरतं ते. त्याला बफरिंग म्हणतात. मग चक्रही गेलं.

"अरे यार!" पांढरा साडू ओरडला.

"तुमच्या नशिबातच नाही, भाऊजी," निळा-लाल साडू म्हणाला, पण त्याचाही चेहरा पडला होता.

साहेबांनी घड्याळात बघितलं आणि खिशातून डायरी काढली.

मी टॉर्च घेतली आणि वायरीच्या खालून चालत सुटले. दिगंबर पुढे. दर वेळी आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी यायचो, तेव्हा सगळं ठीक असायचं. पडलेली असताना लाइनच्या मागे चालायची ही पहिलीच वेळ. पहिला बॉक्स, करंट ठीक. दुसरा, ठीक. चप्पल कुठे गेली, तेही कळलं नाही.

नानांच्या वाडीत शिरलो तर पंपाचा आवाज. दिगंबर पंपघरात डोकावला. "काकी, हाय तर जिवंत. पन बघा कसा करतोय."

बॉक्सवरचे दिवे लागत होते, विझत होते, पुन्हा लागत होते. तापात माणूस बरळतो ना, तसं. पंपघरातला बल्बही पिवळा पडलेला. मी कपाळावर हात मारला. नानांच्या घरापासून पंपघरापर्यंतची तार जुनी, बारीक. पंप सुरू झाला की सगळा करंट तो ओढून घेतो, बॉक्सला उरतो चिमूटभर. बॉक्स बंद पडतो, पुन्हा उठतो. उठायला त्याला चार मिनिटं लागतात. उठेपर्यंत पुन्हा मरतो.

नाना फावड्याने पाटाचं पाणी वळवत होते. "काय गो शालन, अनवाणी?"

"नाना, पंप दर रविवारी याच वेळी लावता?"

"रविवार, मंगळवार, गुरुवार. माझी पाळी."

मला पाळी ठाऊक नव्हती असं नाही गो. सगळ्या गावाला ठाऊक आहे. ती विहीर नानांची आणि त्यांच्या सख्ख्या चुलतभावाची, भाईंची, सामाईक. तीन दिवस यांचे, तीन दिवस त्यांचे, शुक्रवार देवळाच्या फुलझाडांना. पाळी दिवेलागणीला बदलते. दिवेलागणीपर्यंत भाई आपल्या पंपाने विहीर कोरडी करून ठेवतात. मग नाना अर्धा तास झऱ्याचं पाणी साठायची वाट बघतात आणि पावणेआठच्या सुमाराला पंप लावतात. वीस मिनिटांत पाणी संपतं, पंप बंद. पुन्हा साठलं की पुन्हा चालू. मंगळवार-गुरुवारी पाहुणे नसतात, आणि गावातला माणूस लाइन गेली तर मला शिव्या घालतो, कंपनीला पत्र लिहीत नाही. म्हणून दिसला तो फक्त रविवार.

"नाना, आजचा दिवस पावणेदहापर्यंत पंप ठेवा ना बंद. माझा एरिया जातोय."

"आणि माझी पोफळीची रोपं जातील, ती? मे महिना आहे. आज पाणी सोडलं तर उद्या भाई पंचांपुढे सांगेल, याला गरज नाही, याची पाळी कमी करा."

त्यांचंही खरं होतं.

एवढ्यात पंपाचा आवाज कोरडा झाला. नानांनी बटण दाबलं. बल्ब पांढरा झाला. चार मिनिटांनी नेहाचा फोन. "काकी, आली! आली! साहेब पण बघताहेत!"

मला आनंद झाला नाही. अर्ध्या तासात पुन्हा जाणार, हे आता मला ठाऊक होतं.

"नेहा, त्या खेळात मध्यंतर असतं ना? कधी आहे?"

तिने कुणाला तरी विचारलं. "पंधरा मिनिटांत. आणि पुढे पंधरा मिनिटांचं असतं."

भाईंची ओटी विहिरीला लागूनच, कुंपणापलीकडे. तिथली तार नवी आहे. मी कुंपणापाशी जाऊन हाक मारली. भाई आणि नाना अकरा वर्षं बोलत नाहीत. एकमेकांच्या मयतीला जातील, पण लग्नाला नाही.

"भाई, बॉक्सपुरता करंट द्या. एका छोट्या बल्बाएवढा."

"कुठल्या बॉक्सला? त्याच्या पंपघरातल्या?"

"हो."

"माझा करंट त्याच्या छपराखाली जाणार नाही, शालन. तुला म्हणून द्यायला ना नाही. पण त्याच्या छपराखाली नाही."

मागून नाना मोठ्याने म्हणाले, मला उद्देशून, पण त्याला ऐकू जाईल असं. "आणि त्याची वायर माझ्या जागेत आली तर मी कापीन, सांग त्याला."

मी मधोमध उभी. दिगंबर खाली बघून हसत होता. मला रडायला येत होतं. मग दिगंबरच हळूच म्हणाला, "काकी, विहीर कोनाची?"

विहीर दोघांची होती. विहिरीच्या काठावर जुन्या रहाटाचा एक सागवानी खांब अजून उभा आहे. तो दोघांचा, म्हणजे कुणाचाच नाही. मी विचारलं, "भाई, खांबावर चालेल?" ते म्हणाले, चालेल. "नाना, खांबावर?" नाना फावडं टेकून थांबले. "खांबाला माझी हरकत नाही. तो आजोबांचा आहे."

पण खरी परीक्षा पुढे होती. चालू लाइन मला स्वतःच्या हाताने बंद करायची होती. साहेब डायरी घेऊन बसलेले, आणि मी चालू असलेला बॉक्स काढणार. मध्यंतरात पुन्हा लागला नाही तर चौथी कंप्लेंट मीच लिहून दिल्यासारखी. हात लावू नये, विहिरीला आज पाणीच कमी येवो म्हणजे पंप लागणार नाही, असंही मनात आलं. लाज वाटली.

नेहाचा फोन आला, "काकी, मध्यंतर."

"काढ," मी दिगंबरला म्हटलं.

बॉक्सपाशी दहा-पंधरा हात जादा वायर वेटोळं करून ठेवायची, ही माझी सवय. दिगंबर कुरकुरतो, वायर फुकट जाते म्हणतो. त्या दिवशी कुरकुरला नाही. बॉक्स काढला, वेटोळं सोडलं, खांबाला सुंभाने बांधला. भाईंनी ओटीवरून एक्स्टेन्शनची वायर आणून कुंपणावरून दिली. स्वतः घेऊन आले, हे सांगायलाच हवं. काचेच्या धाग्याचं टोक बोटाने पुसायचं नसतं, बोटाचं तेल लागतं. मी पदराच्या आतल्या कोरड्या टोकाने पुसलं. तेही चूकच, पण दुसरं काही नव्हतं. बसवलं. पहिला दिवा लागला. दुसरा. तिसरा नुसता लुकलुकत राहिला.

त्या चार मिनिटांत मी किती देवांना काय काय कबूल केलं, ते अजून फेडते आहे.

तिसरा दिवा स्थिर झाला. पाठोपाठ नानांनी पंप लावला. पंपघरातला बल्ब पिवळा पडला, पण खांबावरचे तिन्ही दिवे हलले नाहीत. दिगंबर खाली बसला आणि त्याने बिडी पेटवली.

परत गेलो तेव्हा दुसरा डाव रंगात आला होता. निळा-लाल साडू खुर्चीवर उभा. कोण पुढे होतं, ते मला आजही ठाऊक नाही. साहेबांनी मला बाजूला घेतलं.

"काकी, पंचवीस मिनिटं बंद होती. मी लाइट गेली होती असं लिहितो. तुमच्यावर येणार नाही."

मन झालं गो, हो म्हणायचं. पण असे आणखी पाच बॉक्स माझ्या एरियातल्या पाच पंपघरांत आहेत. लाइट गेली असं लिहिलं तर ते तिथेच राहणार. मी म्हटलं, "लाइट गेली नव्हती, साहेब. बॉक्स मी चुकीच्या ठिकाणी लावला होता. तसं लिहा. आणि बाकीचे हलवायला मला पंधरा दिवस द्या."

त्यांनी तसंच लिहिलं. पंधरा दिवस मिळाले, बॉक्स हलले. तरी वरून हुकूम आला तो आलाच. किनाऱ्याची होमस्टेची रांग अलिबागच्या पार्टीला गेली. गावातल्या आळ्या माझ्याकडे राहिल्या, दिगंबरही राहिला. नेहा रडली, मी नाही रडले. म्हणजे तिच्यासमोर नाही.

नाना आणि भाई अजून बोलत नाहीत. बॉक्स खांबावर आहे. पावसासाठी रंगाची रिकामी बादली उलटी करून त्यावर घातली आहे.

पावसाळ्यानंतर अलिबागच्या पार्टीचा माणूस माझ्याकडे आला. त्यांनी किनाऱ्याकडे आपले नवे बॉक्स दुसऱ्या वाड्यांत लावले होते. किनाऱ्याकडची लाइन मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पडते, काही कळत नाही, म्हणाला. मी त्याला चहा दिला आणि सांगितलं, "बॉक्स बघू नको बाबा. आधी ज्याच्या वाडीत बॉक्स आहे, त्याच्या विहिरीवर मंगळवार-शुक्रवार पाळी कुणाची, ते विचार." या धंद्यात मी एवढंच शिकले: मशीन बिघडलं तर आधी माणसांना विचारावं.

आता तू त्या तुझ्या नेटवाल्याला फोन करून नीट बोल. आणि मेधा, तू इकडे येऊन किती महिने झाले गो? आंबे संपायच्या आत ये. चार दिवस काढून ये, नुसती शनिवार-रविवार धावत येऊ नकोस. मुलांनाही आण. माझं नेट चांगलं चालतं, त्यांना सांग.