मेडशीच्या चढावर बसणारी गाडी

"अवो जवाईबुवा, ट्रॅक्टर गेला ना पुढं! सोयाबीनच्या पोत्यांसकट गेला!"

शेजारच्या सीटवरून माझे सासरे असे ओरडत होते, की मेडशीतल्या लोकांना वाघ आला असं वाटलं असेल. माझी चप्पल पत्रा फोडून डांबराला टेकायची तेवढी बाकी होती. आणि माझी नवी टर्बो गाडी मात्र तेराव्याच्या पंगतीतून उठलेल्या माणसासारखी चढ चढत होती. ट्रॅक्टरवाल्यानं जाता जाता आमच्याकडे पाहून सावकाश विडी पेटवली. एका काडीत पेटली, इतका आमचा वारा.

टर्बो म्हणजे काय, हे मी अनसिंगला सासरवाडीत इतक्यांदा सांगितलं होतं की तिथल्या बकऱ्यांनाही पाठ झालं होतं. इंजिनाच्या नरड्यात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. हवा जास्त, तर जोर जास्त. वाशीमला विमानतळ नाही म्हणून ही गाडी रस्त्यावर चालते, असंही मी एकदा बोलून बसलो होतो. सासऱ्यांनी ते व्याजासकट लक्षात ठेवलं होतं.

"इमान बसलं वाट्टे," ते आता म्हणाले.

रोग मोठा लबाड. गावात गाडी एकदम गरीब, सपाटीवर हरीण. चढावर जोर मागितला की अंगातला जीव जायचा. बाजूला थांबून किल्ली बंद करून पुन्हा फिरवली की जसं काही झालंच नाही. मग पुढचा चढ, आणि पुन्हा तेच सोंग.

मागून बायकोनं निकाल दिला. "आता अजून एक डाव बसली, तर ही इका अन् बाबाची जीप घ्या."

सासऱ्यांचा चेहरा दिवाळीसारखा उजळला. त्यांच्या जीपचा दरवाजा सुतळीनं बांधावा लागे, आणि पाऊस आला की आतली माणसं बाहेरच्यांच्या आधी भिजत. कितीतरी वर्षं ते तिच्यासाठी गिऱ्हाईक शोधत होते. आता गिऱ्हाईक त्यांच्या शेजारीच बसलं होतं, स्टेअरिंग धरून.

मी वाशीमचे सगळे मेकॅनिक पालथे घातले. पहिल्यानं बोनेट उघडलं, हात जोडले आणि हवेचा फिल्टर बदलला. दुसऱ्यानं हात जोडले, नळ्यांना साबणाचं पाणी लावलं. कुठं हवा गळते का पाहिलं, एक बुडबुडा नाही. तिसऱ्यानं चप्पल काढली, हात जोडले, मग लॅपटॉप जोडला.

"जोर मांगतला का हवा कमी होऊन राह्यली," तो म्हणाला. "पर काहून, ते हे मशीन सांगत नाई."

हात जोडायचं कारण असं. गाडी घेतली तेव्हा पोहरादेवीला नेऊन पूजा केली होती. सासूबाईंनी लाल कापडात नारळ बांधून आणला होता. मी म्हटलं, मामीजी, काचेपुढं लटकवू नका, गाडीची शान जाते. त्या बरं म्हणाल्या आणि नारळ बोनेटच्या आत बांधून मोकळ्या झाल्या. कापडाचं टोक चांगलं हातभर सुटं. तेव्हापासून जो कुणी बोनेट उघडी, तो आधी नमस्कार करी आणि त्या नारळाला धक्का न लावता भोवतीनं पाने फिरवी. मीसुद्धा.

रविवारी शेवटची परीक्षा ठरली. तोच चढ, तीच माणसं. सासऱ्यांनी येताना जीप धुऊन ठेवली होती.

चढ सुरू व्हायच्या आधी बायको म्हणाली, "थांबा. डॉक्टर पोटात नळी घालून पाह्यतात ना? तसं पाहू."

तिनं आपला मोबाईल बोनेटच्या कोपऱ्यात चिकटपट्टीनं घट्ट बसवला, टॉर्च लावली, व्हिडिओ चालू केला आणि बोनेट लावलं. मी देवाचं नाव घेऊन पाय दाबला. अर्ध्या चढावर गाडी बसली. इमानदारीनं बसली.

"इकली!" सासरे ओरडले.

"बाबा, चूप बसा बरं," म्हणत बायकोनं तव्यासारखा तापलेला मोबाईल पदरात धरून काढला. रस्त्याच्या कडेला तिघांची डोकी त्या एका पडद्यावर टेकली. आत लाल कापडाचं टोक आधी हललं. मग डुललं. मी जोर मागितला तसं ते ताठ होऊन पुढं झेपावलं आणि हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर असं चिकटलं, जसं वासरू गाईला. गाडी बंद झाली, कापड अलगद खाली पडलं. नारळ शांत.

मी उघड्या बोनेटपुढं सवयीनं हात जोडले आणि सुटं टोक नारळाभोवती गुंडाळून गच्च गाठ मारली. त्यानंतर तो चढ गाडीनं असा मारला की माझं पोट मेडशीतच राहिलं आणि मागाहून एसटीनं आलं. सासरे घरापर्यंत जीपबद्दल एक शब्द बोलले नाहीत. बायको म्हणाली, राहू द्या ही.

अनसिंगला चहा पिताना मी सासूबाईंना म्हटलं, "मामीजी, देवीले असं काय मांगतलं होतं तुमी, का माह्या गाडीचा गळाच धरला तिनं?"

त्यांनी बशी खाली ठेवली.

"जवायाले हळू चालवू दे म्हणलं होतं."