ओ देणारी हिराआत्या

पोशीरच्या आमच्या आळीत हाक कुणालाही मारलेली असो, ओ हिराआत्या द्यायची. जनाने खालून "मंदे, पाणी आलं गं" असा आवाज दिला, की मंदा घरात चुलीपाशी असायची आणि आत्याच्या ओट्यावरून उत्तर यायचं, "आले गं." लग्न होऊन मी गावात आले त्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला हाक मारली आणि माझ्याआधी दुसरंच कुणी तरी "आले गं" म्हणालं. मी गोंधळून बाहेर आले. शेजारच्या ओट्यावर खांबाला टेकून एक बाई बसली होती. केस चापूनचोपून बसवलेले, एक पाय लांब सोडलेला, दुसरा वाळून बारीक झालेला पाय साडीखाली घेतलेला. माझ्याकडे बघून ती हसली.

"तू जा बाय. मी निसती ओ दिली."

लहानपणी ताप आला आणि तो पाय घेऊन गेला. घरात ती गुडघ्यावर हात दाबत चालायची, ओट्यापर्यंत यायची. ओट्याखाली आमच्या आळीचा दगडधोंड्यांचा उतार, तो तिच्यासाठी नव्हता. लग्न झालं नाही, भाऊ-भावजयीच्या घरातच राहिली, म्हणून सगळ्या गावाची आत्या. गाव तिला लंगडी आत्या म्हणायचं. त्यात कुणाचा वाईट हेतू नाही, असं मला सगळ्यांनी समजावून सांगितलं. नसेलही. पण पत्ता सांगतानासुद्धा लोक "लंगडीच्या घराच्या पुढे" म्हणायचे आणि ती ओट्यावर बसून ऐकायची, याचा मला तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो.

मी तिला "तुम्ही" म्हणायला लागले, तर तिनं दुसऱ्याच दिवशी ते बंद केलं. "तुमी नको म्हणू गं, लांब वाटतं. लांबची माणसं माज्याकडं लय हायत." तेव्हापासून सासरच्या नात्यात मी तिला एकटीलाच अगं-तुगं करायचे. माझं माहेर लोधिवलीचं. चौक गावाच्या बाजूला मोठा रस्ता, गाड्यांची ये-जा, आणि इथे आळीत दुपारी कोंबड्यांशिवाय काही हलत नसे. अशा दुपारी मी तिच्याकडे जाऊन बसायचे आणि ती मला गावातली सगळी भांडणं पहिल्यापासून समजावून सांगायची. कोण कुणाशी बोलत नाही, का बोलत नाही आणि कधी बोलायला लागेल, हेसुद्धा.

एकदा कुठल्याशा शिबिरात तिला तीनचाकी सायकल मिळाली. हार घालून फोटो काढला आणि सायकल टेंपोतून गावात आली. आळीचा उतार बघून टेंपोवाला म्हणाला, ही इथं चालायची नाय. सायकल ओट्याखाली उभी राहिली ती राहिलीच. पुढे तिच्या सीटवर कोंबडी अंडी घालायला लागली. आत्या म्हणायची, "बरं झालं. कुणाच्या तरी कामाला आली."

असं ती हसून बोलायची, म्हणून लोकांना वाटायचं हिला काही लागत नाही. भाच्यासाठी मुलीकडचे पाहुणे यायचे होते, त्या सकाळी भावजय तिला हाताला धरून आमच्याकडे घेऊन आली. "वयनी, आज आत्याला तुमच्याकडं बसवते. लोक उगाच काय तरी शंका काढतात." शंका कसली ते तिनं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. घराण्यात असं काही आहे म्हटलं की सोयरीक मोडते, हे कुणाला माहीत नाही? आत्या माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसली आणि वाल सोलायला घेतले. भिंतीपलीकडे कपबशा वाजत होत्या, कुणी तरी मोठ्यानं हसत होतं. "आमच्याकडं पावणे आले की मी तुमच्याकडची पावणी," ती म्हणाली. मग सोललेला प्रत्येक वाल निरखून टोपात टाकत राहिली.

त्या दिवशी मी तिला विचारलं, की दुसऱ्यांच्या हाकेला तू ओ का देतेस. ती म्हणाली, "कुणी ओ दिली नाय तर हाक वाया जाते गं." आणि थोड्या वेळानं, वाल सोलतासोलताच, "माजं नाव घेऊन दारात हाक मारत नाय ना कुणी. मी घरातच असनार, हाक कशाला मारायची? जेवायला वाडलं की ताट समोर येतं. पन लावणीच्या दिसांत बाया दारोदार हाका मारत जातात, तवा मला वाटतं, एकदा चुकून तरी आपलं नाव यावं."

भाताच्या लावणीत आमच्याकडे तशीच पद्धत आहे. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. सकाळी जना आळीच्या वरच्या टोकापासून निघायची आणि एकेका दारात नाव घेऊन "चल गं" म्हणायची. हाक आली म्हणजे तुम्ही त्या रांगेतल्या. डोक्यावर प्लॅस्टिक घेऊन बाया उतरत जायच्या. आत्याच्या ओट्यापाशी जनाचा आवाज थांबायचा आणि पुढच्या दाराला सुरू व्हायचा. मधलं ते एक घर. आत्या तेवढ्यातही मंदाच्या हाकेला ओ द्यायची आणि सगळ्या हसायच्या.

मग एका वर्षी बाया कमी पडल्या. तरण्या पोरी खोपोलीकडे कंपन्यांत जायला लागल्या होत्या आणि आमच्या शेतात रोप उपटून पडलं होतं. ओट्याजवळ उभी राहून मी जनाला अडचण सांगत होते. आत्या मध्येच म्हणाली, "मला घे." जनानं तिच्याकडे बघितलं, मग तिच्या पायाकडे. आत्या म्हणाली, "पाय नको बघू, हात बघ. पाटावर बसन. चिखलात पाट मागं सरकतो."

भावजय नको नको म्हणत राहिली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जना ओट्यासमोर थांबली आणि रोजच्याच आवाजात म्हणाली, "आत्ये, चल गं."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या हाकांना ओ देणारी बाई, त्या हाकेला मात्र तिच्या तोंडून शब्द फुटेना. ती नुसती खांबाला धरून उभी राहिली. जनानं तिला पाठुंगळीला घेतलं, मी मागून आमचा जेवणाचा पाट घेऊन निघाले. देवळापाशी बसलेले पुरुष बोलायचे थांबले.

ती वेगात लावायला लागली, असं मी सांगणार नाही. तसं झालं नाही. चांगल्या पायानं रेटा देत ती पाट मागे सरकवायची, पाट रुतायचा, कुणी तरी ओढायचं. तिची ओळ वाकडी जात होती. बांधावरून नेरळला दुकान असलेले एक गृहस्थ चालले होते, त्यांनी लगेच मोबाइल काढला. "आत्या, इकडं बघा. लोकांना प्रेरणा मिळंल."

"प्रेरणा राहू दे रं," आत्या म्हणाली, "त्या मुठी इकडं फेक." गृहस्थांनी मोबाइल खिशात घातला आणि चपला काढून रोपाच्या चार मुठी फेकल्या.

आमच्या बायांची एक खोड आहे. लावता लावता जी मागे पडते, तिच्या दोन्ही बाजूंनी आणि मागूनही भराभर रोप लावून तिला मध्ये कोंडायचं. मग ती शिव्या देते, बाकीच्या हसतात. मी नवी होते तेव्हा मला रोज कोंडायच्या. त्या दिवशी आत्या मागे पडली, पण कुणी कोंडलं नाही. सगळ्या न बोलता तिच्यामागे मोकळी वाट सोडून सरकत होत्या. शेत एकदम गप्प झालं होतं. आत्यानं मान वर केली, त्या मोकळ्या वाटेकडे बघितलं आणि हातातलं रोप खाली ठेवलं.

"मला कोंडा गं," ती म्हणाली. "मागं पडली ना मी? मंग कोंडा. मला का वेगळी धरताय?"

मग जना म्हणाली, "थांब थेरडे, तुला दाखवते," आणि तिनं भराभर रोप लावत तिची मागची वाट बंद केली. मंदा दुसऱ्या बाजूनं आली. बघता बघता चारी बाजूंनी हिरवं झालं आणि मध्ये पाटावर आत्या, तोंडापर्यंत चिखल, जनाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती आणि हसत होती. इतकं मोकळं हसताना मी तिला पुन्हा कधी पाहिलं नाही. मला रडू आलं. पाऊस होता, म्हणून निभावलं.

त्यानंतर दर लावणीला तिला हाक यायची. कधी एक दिवस, कधी दोन, जमेल तसं. भावजय स्वतःच पाट धुऊन ओट्यावर ठेवायला लागली.

मग माझ्या मुलानं शेलूला फ्लॅट घेतला आणि आम्ही तिकडे राहायला गेलो. दाराला बेल आहे, कुणी नाव घेत नाही. निघताना आत्या म्हणाली, "लांब नाय गं शेलू. तिथनं हाक मार, मी ओ देईन." मी हसले. अजूनही संध्याकाळी गॅलरीत उभी राहिले की ते आठवतं आणि वेड्यासारखं वाटतं की एकदा हाक मारून बघावी.

शिमग्यानंतर ती गेली. झोपेतच. पुढच्या लावणीला मी गावी गेले, मुद्दाम आदल्या दिवशीच. सकाळी जना वरच्या टोकापासून निघाली, तिच्या मागे आम्ही. सुरेखा, चल गं. मंदे, चल गं. आत्याच्या ओट्यापाशी ती सवयीनं थांबली.

"आत्ये, चल गं."

म्हणाली आणि तिच्याच लक्षात आलं. ओट्यावर पाट उभा करून ठेवलेला होता. जनानं पदर तोंडाला लावला. कुणी पुढे पाऊल टाकेना. हाक तशीच त्या रिकाम्या ओट्यावर थांबली होती आणि मला ते सहन होईना.

"आले गं," मी म्हणाले.

मग मंदा म्हणाली, मग सुरेखा. दाराआडून भावजयीचाही आवाज आला. मग आम्ही उतारानं शेताकडे निघालो.